शेडमागची पियोनी

वॉटफर्ड
२ मार्च २०२६

ती. शशीताईंना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकाल, म्हणाल वैजयंतीचा फोन बिघडला की काय. फोन ठणठणीत आहे. पण माझे मेसेज हल्ली मिलिंदच्या टॅबवरही उमटतात, आणि तुमचे बंधुराज ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवतात. मंडळाच्या ग्रुपवर लिहायची तर सोयच नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं तिथेच बसलेली. म्हणून पोस्टाचं तिकीट. तुम्हीही उत्तर पत्रानेच द्या आणि हे कुणाला दाखवू नका.

ताई, घरात चोरी झाली आहे. शेडमागची पियोनी आठवते ना? आईंची. लॉकडाउनच्या मे महिन्यात आमच्या गुलाबी पियोनीची कळी उमलायच्या आतच मी सोलली, पुंकेसर काढून टाकले, आणि कुंपणापलीकडच्या डेरेकच्या लाल पियोनीचे पराग आईंनी देवाच्या फुलवातीने तिच्यावर टेकवले. चष्मा सारखा घसरत होता, पण मला करू देईनात. मग मधमाशी शिरू नये म्हणून वर ऑर्गन्झाच्या पातळ कापडाची पोटली बांधली. त्या संकराच्या एवढ्या बियांतून एकच रोप जगलं. पहिलं फूल यायला पाच-सहा वर्षं लागतात. आई तीन वर्षांपूर्वी गेल्या, पण शेवटच्या उन्हाळ्यातही रंग कुठला येईल हेच विचारत होत्या. या वर्षी फूल येणार असं मला वाटत होतं, आणि नावही ठरवलं होतं, आईंचंच, लीलावती.

काल कोंब दिसतात का पाहायला वरचा पालापाचोळा बाजूला केला. लाल कोंब आलेत, पण कंदाची एक बाजूच गायब! खारीने किंवा कोल्ह्याने उकरलेली नाही, धारदार सुरीने कापलेली. जखम सुकून तपकिरी झाली आहे, म्हणजे काम गेल्या शरद ऋतूतलं. पियोनीचे कंद फोडायचा हंगाम तोच. चोराने माती परत नीट थापटून वर पाला पसरला, म्हणून मला सहा महिने पत्ता नाही. तीन डोळे होते ताई, सगळ्यात टपोरा डोळा गेला.

मिलिंदला सांगितलं तर म्हणाला की कोल्हा असेल. सुरी घेऊन आलेला कोल्हा! मला दोघांचा संशय आहे. एक डेरेक, लाल पियोनी त्याची असल्यामुळे आपलाही हक्क आहे असं त्याला वाटत असणार. आणि दुसरी राजश्री. माझी जवळची मैत्रीण आहे, पण तिच्या अलॉटमेंटमध्ये, कौन्सिलकडून भाड्याने घेतलेल्या त्या बागेत, सगळ्या वॉटफर्डच्या बागांमधलं काही ना काही आहे. आईंच्या श्राद्धाला सप्टेंबरमध्ये ती वडे तळायला आली होती आणि डेरेकही पान घ्यायला कुंपणाशी आला होता. तुम्ही त्या दिवशी इथेच होतात. कुणी शेडमागे गेलेलं पाहिलंत का? तुम्हाला झाडांमधलं ओ की ठो कळत नाही, म्हणून तुमच्यावर संशय घ्यायची सोय नाही, नाहीतर तुम्हालाही सोडलं नसतं.

तब्येतीला जपा. चोर सापडेपर्यंत तरी माझ्यावर लोभ राहू द्या.

तुमची,
वैजयंती

*

मिल्टन कीन्स
९ मार्च २०२६

चि. सौ. वैजयंतीस,
शशीताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. टपालाने आलेलं हाताने लिहिलेलं पत्र पाहून शेजारच्या बाईने कुणी गेलं का म्हणून विचारलं. तुझं अक्षर मात्र अजून डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखंच आहे.

त्या दिवशी मी स्वयंपाकघरातून फारशी हललेच नाही, तेव्हा मला काय दिसणार? डेरेक बिचारा खिरीची वाटी घेऊन कुंपणापलीकडेच उभा होता. राजश्री मात्र हात धुवायला बाहेरच्या नळावर गेली होती आणि परत यायला तिला वेळ लागला, एवढं आठवतं. मी कोणाचं नाव घेत नाही. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

तुझा जीव तुटतो हे समजतं. ते झाड आईचं होतं, म्हणजे तसं आपल्या सगळ्यांचंच. पण मनात एकदा पाल चुकचुकली की तू हात धुवून मागे लागतेस, मिलिंदच्या हरवलेल्या छत्रीच्या वेळी पाहिलंय मी. जरा सबुरीने घे. उगाच विचारते, असा कापून नेलेला तुकडा जगतो का गं? आणि जगला तर फुलतो का?

माझं बरं चाललं आहे. गुडघा कुरकुरतो, माझा मिहीर दर रविवारी फोन करतो. हे जाऊन दोन वर्षं झाली, घर अजून मोठंच वाटतं. मिलिंदाला आशीर्वाद, आणि माया आहे तशीच असू दे.

शशीताई

*

वॉटफर्ड
१२ एप्रिल २०२६

ती. शशीताईंना,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला महिना लागला, रागावू नका. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. एका डोळ्याचा तुकडा जगतो, पण फुलायला दोन-तीन वर्षं घेतो. टपोरा डोळा असला आणि भरपूर ऊन मिळालं तर एखादा जिद्दी पहिल्याच वर्षी फुलतो. दोन बोटांपेक्षा खोल मात्र पुरायचा नाही, नाहीतर नुसती पानं. माझ्या चोराला हे माहीत नसलं म्हणजे मिळवली.

काल चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं. हॉलमध्ये आरास केली, कैरीची डाळ झाली, पन्हं झालं. वीसेक बायका आल्या होत्या, सगळ्यांच्या ओल्या हरभऱ्यांनी ओट्या भरल्या. तुम्हाला मुद्दामच बोलावलं नाही. बायका ओटी भरून घेणार आणि तुम्ही बाजूला बसणार, तुम्हाला किती अवघडल्यासारखं झालं असतं! मलाच ते बघवलं नसतं. तुमच्या वाटची डाळ डब्यात घालून ठेवली आहे, मिलिंद कामानिमित्त तिकडे आला की आणेल.

आता मुख्य बातमी. हळदीकुंकवाआधी राजश्रीला डिंकाचे लाडू द्यायच्या निमित्ताने तिच्या अलॉटमेंटवर गेले. ती पलीकडच्या नळावर झारी भरत होती. कोपऱ्यातल्या वाफ्यात लालबुंद कोंब दिसले. मी गुडघ्यावर बसून बोटांनी माती उकरायला लागले. ताई, तो रुबार्ब निघाला, लाल देठांची ती आंबट भाजी. मान वर केली तर राजश्री झारी घेऊन समोर उभी. तिने शांतपणे विचारलं की नेमकं काय शोधते आहेस, आणि मला खोटं सुचेना, म्हणून मी खरं सांगून टाकलं. श्राद्धाच्या दिवशी नळावर वेळ लागला होता असं कुणीतरी पाहिलं आहे, हेही बोलून गेले. तुमचं नाव नाही घेतलं.

ती ओरडली असती तर परवडलं असतं. ती म्हणाली की त्या दिवशी तळताना मनगटावर तेल उडालं होतं, आणि श्राद्धाच्या घरात गडबड नको म्हणून ती बाहेर थंड पाण्याखाली हात धरून उभी होती. लाडवांचा डबा परत माझ्या हातात दिला. काल हळदीकुंकवाला आली नाही. तरीही सांगते, माझा संशय पुरता गेलेला नाही. इतकं तयार उत्तर कुणाला असतं?

पियोनीचे दोन कोंब वीतभर झालेत आणि एकावर मटाराएवढी कळी धरली आहे! एकच, पण आहे. देवाला रोज सांगते की एवढी फुलू दे. तुम्हीही सांगा, आणि मला आपली म्हणत राहा.

वैजयंती

*

मिल्टन कीन्स
२० एप्रिल २०२६

चि. सौ. वैजयंतीस आशीर्वाद.

पत्र पोचलं. डाळ पाठवू नकोस, आताशा मला सोसत नाही. मला अवघडल्यासारखं होईल हे तूच ठरवून टाकलंस, माझा विचार करायचा त्रास वाचला.

राजश्रीच्या मागे लागू नकोस. मला आठवतं ते चुकीचंही असेल. म्हातारपणी डोळ्यांना काय काय दिसतं. तिला फोन कर आणि माफी माग. झाड काय, आज आहे उद्या नाही, मैत्रीण पुन्हा मिळत नाही.

इकडे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. कळीला जप. जास्त लिहीत नाही, गुडघा दुखतो आहे.

शशीताई

*

वॉटफर्ड
६ मे २०२६

ती. शशीताईंना,
शि. सा. न. वि. वि.

कळी गेली. आठवडाभर ती वाढलीच नाही. परवा सकाळी पाहिली तर काळी पडून मान टाकलेली. पावसाने बुरशी धरली, पण डेरेकचं म्हणणं असं की शरदात मूळ कापल्यामुळे झाड आधीच अशक्त झालं होतं. तो कुंपणावरून ओणवून कितीतरी वेळ पाहत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचं दुःख मला खरं वाटलं, म्हणून त्याला मी यादीतून काढलं आहे.

मी खूप रडले. मिलिंद म्हणाला की फूलच तर आहे, मग त्याला कळलं आणि त्याने चहा करून आणला. मला आईंना रंग सांगायचा होता, एवढंच होतं. राजश्री फोन उचलत नाही. मी तीनदा केला. आता ती चोर असली तरी मला ती हवी आहे, अशी माझी गत झाली आहे.

एक विचारू? मार्चमध्ये तुम्ही राजश्रीचं नाव हळूच पुढे केलंत आणि एप्रिलमध्ये तितक्याच हळूच मागे घेतलंत. असं का? आणि मागच्या पत्रात तुम्ही माझ्यावर रागावलेल्या होतात. माझं काय चुकलं ते कळलं असतं तर बरं झालं असतं. उत्तर लवकर द्या, रागाने का होईना.

वैजयंती

*

मिल्टन कीन्स
१९ मे २०२६

चि. सौ. वैजयंतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. रडू नकोस गं. झाड जिवंत आहे ना? मग पुढच्या वर्षी धरेल. इतकी वर्षं थांबलीस, आणखी एक. गर्द गुलाबी पाकळी आणि तिच्या मधोमध ती पांढरी रेघ, असं फूल वर्षभर उशिरा पाहिलं म्हणून त्याचं काही कमी होत नाही. आईला रंग कळलाच असेल असं समज.

मी रागावलेली नाही. वय झालं की माणूस तिरकं बोलतं. राजश्रीला पत्र लिही, फोनपेक्षा ते बरं. तब्येत सांभाळ, आणि या म्हातारीला विसरू नकोस.

शशीताई

*

वॉटफर्ड
२१ मे २०२६

ती. शशीताईंना,
नमस्कार.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. मिलिंदलाही वाचायला दिलं, त्याला काही दिसलं नाही. मला दिसलं.

माझी कळी मटाराएवढी असताना काळी पडली. ती उमललीच नाही. तिचा रंग मी पाहिला नाही, डेरेकने नाही, या जगात कुणीच नाही. मग पाकळीवरची पांढरी रेघ तुम्ही कुठे पाहिलीत?

आता सगळं जुळतं. तुम्ही स्वयंपाकघरातून हललाच नव्हतात म्हणता, मग नळावरची राजश्री तुम्हाला कुठून दिसली? नळ शेडच्या बाजूला आहे, स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत नाही. तुकडा जगतो का हे तुम्ही विचारलंत आणि मी साळसूदपणे किती खोल पुरायचा तेही कळवलं!

तुम्ही मागितलं असतंत तर मी दिलं नसतं का? हेच मला सहन होत नाही. माझ्या मैत्रिणीवर आळ येऊ दिलात आणि मला रुबार्ब उकरायला लावलंत. मला खरं उत्तर हवं आहे. ती रेघ चुकून लिहिलीत की मुद्दाम, तेही सांगा.

वैजयंती

*

मिल्टन कीन्स
२३ मे २०२६

चि. सौ. वैजयंतीस,
आशीर्वाद, हवे असतील तर घे.

हो, मीच. परसातल्या कर्दळीचे कंद कसे फोडायचे ते आईने मला शिकवलं होतं, तुला नाही. माझ्या पर्समध्ये फळं कापायची सुरी असते. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, ट्रेनमध्ये मांडीवर घेऊन आणलं, आणि मागच्या दाराशी उन्हात लावलं. मार्चमध्ये खोल पुरल्यासारखं वाटलं, तुझं एप्रिलचं पत्र आलं तशी वरची माती काढली.

मागितलं का नाही विचारतेस. आई असेपर्यंत तुझ्या घरून मी रिकाम्या हाताने कधी निघाले नाही. खणा-नारळाने ओटी भरल्याशिवाय ती मला उंबरा ओलांडू देत नसे, आणि ती गेल्यावर तूही भरलीस. मग हे गेले. त्यानंतर मी तुझ्याकडे पाच वेळा आले वैजयंती. दर वेळी तू मला स्टेशनपर्यंत सोडलंस, डबा दिलास, मिठी मारलीस, आणि ओटीचं नाव काढलं नाहीस. मला वाईट वाटू नये म्हणून! नवरा माझा गेला, माहेर का जावं? श्राद्धाच्या दिवशी तर डबाही नव्हता, त्या दिवसाचं अन्न तू बांधून देत नाहीस. श्राद्धाला ओटी भरत नाहीत हे मला कळतं. पण त्या दिवशी आईच्या घरातून काहीच न घेता पाय निघेना. मागावं तर माझ्याच आईचं मी भावजयीपुढे हात पसरून का मागायचं? तोंडातून शब्द फुटला नाही, सुरी मात्र निघाली.

राजश्रीचं नाव घेतलं ते वाईट केलं, त्याची मला लाज वाटते. नळावर ती हाताला पाणी लावत होती तेव्हा मी शेडमागे वाकलेली होते. तिला आज फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली की दोघी एकाच माळेचे मणी आहात.

तुझी कळी माझ्यामुळे गेली हे तुझं सहा मेचं पत्र आल्यापासून मला खातंय. माझं फूल उमललं तेव्हा मला आनंद झाला नाही, असं लिहिलं तर तुला खोटं वाटेल, आणि ते खोटंच आहे. आनंद झाला. आईला सांगितलं. मग कुणाला सांगू असं झालं, आणि तुझ्याशिवाय कुणीच आठवेना. म्हणून ती रेघ. चुकून की मुद्दाम हे मलाच माहीत नाही.

मोठं फूल काल गळलं. बाजूची कळी अजून मिटलेली आहे, आठवड्यात उमलेल. रोप घेऊन जायचं तर घेऊन जा. लोभाचं तू ठरव.

शशीताई

*

वॉटफर्ड
२६ मे २०२६

ती. शशीताईंना,
शि. सा. न. वि. वि.

मी चिडले आहे आणि मला तोंड दाखवायला जागा नाही, दोन्ही एकदम. तुमचं पत्र वाचून मी मिलिंदवर ओरडले की बहिणीची ओटी भरली नाही हे तुला दिसलं कसं नाही, आणि तो म्हणाला की त्याला वाटलं तुम्हीच नको म्हणाला असाल. पाहा, आम्ही दोघांनी तुमच्या वतीने परस्पर ठरवून टाकलं. सगळ्या वॉटफर्डवर संशय घेतला, पण आपल्या शहाणपणावर कधी घेतला नाही.

काल राजश्रीच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने लगेच आत घेतलं नाही, आणि ते योग्यच होतं. मनगटावरचा डाग दाखवला, अजून आहे. शेवटी म्हणाली की ज्या फुलापायी ती चोर ठरली ते निदान डोळ्यांनी पाहायचं आहे, तेव्हा गाडी तीच चालवणार आणि वाटेत माझ्याशी बोलायचं की नाही ते ती ठरवणार.

शनिवारी सकाळी आम्ही येतो. नारळ घेतला आहे, तांदूळ घेतलेत, आणि खण मी स्वतः निवडला आहे, मिलिंदच्या पसंतीचा नाही. तुम्ही पाटावर बसा आणि पदर पसरा. शास्त्र काय म्हणतं, बायका काय म्हणतील, आता वय झालं, यातलं काहीही म्हणू नका. राहिलेली ओटी आहे, दोन वर्षांची एकदम भरणार आहे. नको म्हणालात तर रोप उपटून घेऊन जाईन, आणि या वेळी सगळ्यांसमोर, फावड्याने.

तोवर कळीवर लक्ष ठेवा. आम्ही पोचायच्या आत उमलली तर हात लावू नका आणि फोटो पाठवू नका. मला तो रंग तुमच्या दारात उभं राहूनच पाहायचा आहे, आणि तुमच्यावर माझा अजून काडीचा विश्वास नाही.

तुमची भावजय,
वैजयंती